हाना, याना आणि बार्बोरा

गोंदियाजवळच्या नागऱ्यात टेनिसचं वेड नाही. इथं धानाच्या बांध्या आहेत, जुनं शिवमंदिर आहे, महाशिवरात्रीची यात्रा आहे. दिवाळी झाली की मंडई भरते आणि रात्रभर दंडार चालते. पोरांना मोकळी जागा दिसली की तिथं कबड्डीच्या रेषा पडतात. तरी ही टेनिसची गोष्ट इथल्या पोरापोरींना सांगावीशी वाटते. गोष्ट तीन बायकांची आहे. तिघी दूरच्या, युरोपातल्या चेक देशाच्या. एकमेकींच्या नात्यागोत्यातल्या मात्र नव्हेत.

पहिलीचं नाव हाना मांडलिकोवा. तिचा जन्म १९६२ साली प्राग शहरात झाला. वडील धावपटू होते, ऑलिंपिकला जाऊन आलेले. हाना लहान असताना मार्टिना नवरातिलोवाच्या सामन्यांत कोर्टाच्या कडेला उभी राहायची आणि चेंडू गोळा करून द्यायची. पुढे मार्टिना देश सोडून अमेरिकेला गेली आणि जगातली पहिल्या नंबरची खेळाडू झाली. हाना मागं राहिली, पण खेळत राहिली.

१९८५ साली अमेरिकन ओपनमध्ये हानानं उपांत्य फेरीत ख्रिस एव्हर्टला हरवलं आणि अंतिम फेरीत त्याच नवरातिलोवाला. त्या काळी या दोघींपैकी एकीला हरवलं तरी वर्षभर लोक तेच सांगत फिरायचे. हिनं दोघींना लागोपाठ हरवलं. ऑस्ट्रेलियात ती दोनदा जिंकली, पॅरिसला एकदा, अमेरिकेत एकदा. टेनिसमधल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे ग्रँड स्लॅमपैकी, तीन तिच्या झाल्या. चौथी तेवढी राहिली. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत ती १९८१ साली पोचली आणि हरली. १९८६ साली पुन्हा पोचली आणि पुन्हा हरली. १९९० साली तिनं खेळणं थांबवलं. वय होतं अठ्ठावीस.

त्याच वर्षी हाना शिकवायला लागली. तिची शिष्या होती याना.

याना नोवोत्ना ब्रनो शहरातली. हानापेक्षा सहा वर्षांनी लहान. सर्व्हिस मारायची आणि त्याच पावली जाळीकडं धावायचं, चेंडू टप्पा घ्यायच्या आत परतवायचा, असा तिचा खेळ. बघायला फार सुंदर, पण धीराचा. जाळीजवळ उभं राहिलं की विचार करायला वेळ मिळत नाही. दुहेरीत ती तेव्हाच नावाजलेली होती. जोडीदार सोबत असली की याना कोणालाही भारी पडायची. एकटी खेळायला उतरली की मात्र काहीतरी अडायचं. लोक म्हणायचे, ही दुहेरीतलीच.

हानानं तिला एकेरीसाठी घडवायला घेतलं. वर्षभरात याना ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत खेळली. तिथं मोनिका सेलेसनं तिला हरवलं. हरली, पण पोचली.

मग १९९३ चं विम्बल्डन आलं.

अंतिम फेरीत समोर स्टेफी ग्राफ होती. पहिला सेट ग्राफनं घेतला, तोही टायब्रेकरपर्यंत झगडून. दुसऱ्या सेटमध्ये यानानं तिला एकच गेम दिला. तिसरा सेट सुरू झाला आणि याना सुटलीच. चार–एक. सहा गेम झाले की सेट तिचा, आणि सेटबरोबर विम्बल्डनही. सर्व्हिस तिच्याच हातात होती. गुण होते ४०–३०. आणखी एक गुण मिळाला की पाच–एक, मग उरला एक गेम.

यानानं चेंडू वर फेकला. पहिली सर्व्हिस चुकली. टेनिसमध्ये दुसरी संधी मिळते. तीही चुकली.

एका गुणानं काही बिघडत नसतं. अजून तीच पुढं होती. पण त्या गुणानंतर हात तिचा राहिला नाही. हिरवळ तीच, रॅकेट तीच, तासभरापूर्वी ग्राफला पळवणारी याना तीच, आणि साधे साधे चेंडू चुकायला लागले. ग्राफसारखी खेळाडू अशी दारं उघडी दिसली की थांबत नाही. तिनं लागोपाठ पाच गेम घेतले. ६–४. सामना संपला.

बक्षीस द्यायला राजघराण्यातली केंटची डचेस आली होती. याना पुढं गेली. तोवर तिनं स्वतःला आवरून धरलं होतं. डचेसनं दोन मायेचे शब्द काढले, तू एक दिवस जिंकशील असं काहीसं सांगितलं, आणि यानाला रडू आवरलं नाही. साऱ्या जगासमोर तिनं त्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. डचेसनं तिला जवळ धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत तो फोटो होता. ग्राफ जिंकल्याचा फोटो आज फारसा कोणाला आठवत नाही. यानाचा आठवतो.

दोन वर्षांनी पॅरिसला आणखी वाईट झालं. तिसऱ्या फेरीचा सामना, समोर अमेरिकेची चॅन्डा रुबिन. शेवटच्या सेटमध्ये याना ५–० ने पुढं, आणि त्या गेममध्ये ४०–०. नऊ वेळा ती विजयापासून एका गुणावर येऊन उभी राहिली. नऊही वेळा गुण निसटला. शेवटी ६–८ असा सेट गेला आणि सामनाही गेला. आता लोकांना बोलायला विषयच मिळाला. मोक्याच्या क्षणी हिच्या पोटात गोळा येतो, असं छापून यायला लागलं. नावं ठेवणारे सगळीकडं असतात, त्याला पॅरिस लागत नाही.

हानानं तिची साथ सोडली नाही. एखादा दुसरा प्रशिक्षक असता तर त्यानं कदाचित दुसरी शिष्या शोधली असती, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. पण विम्बल्डनच्या अंतिम फेरीत हरल्यावर रात्र कशी जाते, हे हानाला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या वाट्याला अशा दोन रात्री आल्या होत्या. दोघी पुन्हा सरावाला लागल्या.

१९९७ साली याना पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोचली. समोर सोळा वर्षांची मार्टिना हिंगिस. पहिला सेट यानानं घेतला, पुढचे दोन हिंगिसनं. डचेस पुन्हा समोर होती. तिनं पुन्हा धीर दिला, तिसऱ्या खेपेला होईल म्हणून.

१९९८ साली याना तिसऱ्यांदा आली. उपांत्यपूर्व फेरीत व्हीनस विल्यम्सला हरवलं. उपांत्य फेरीत हिंगिसला. अंतिम फेरीत फ्रान्सची नॅथली तोझिया होती. ६–४, ७–६. शेवटचा गुण पडला तशी याना हिरवळीवर गुडघ्यांवर बसली. तीच डचेस, तेच कोर्ट, आणि या वेळी हातात मोठी थाळी. वय एकोणतीस. खुल्या टेनिसच्या काळात एवढ्या वयात एकेरीचं पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलेली बाई तोवर झाली नव्हती.

पुढच्या वर्षी यानानं खेळणं थांबवलं. ग्रँड स्लॅमच्या दुहेरीत बारा आणि मिश्र दुहेरीत चार विजेतेपदं तिच्या नावावर होती. एकेरीचं ते एकच. विचारलं तर लोक ते एकच सांगतात.

वर्षं गेली. याना ब्रनोजवळ राहत होती. त्याच ब्रनो शहरात १९९५ च्या डिसेंबरात एक मुलगी जन्मली होती. तिचं नाव बार्बोरा क्रेचिकोवा. मुलींच्या गटात ती चांगली खेळली. २०१३ साली कॅतेरीना सिनियाकोवासोबत तिनं मुलींच्या दुहेरीत पॅरिस, विम्बल्डन आणि अमेरिका अशा तीन ठिकाणी विजेतेपद मिळवलं. पण मुलींच्या गटाचं वय संपलं आणि पुढं काय, हे तिला कळेना. खेळाडू व्हायचं की शिकायला जायचं? खेळात पैसा लागतो, प्रवास लागतो, आणि एवढं करून पोट भरेलच असं कोणी सांगत नाही. तो प्रश्न ब्रनोलाही तोच असतो आणि गोंदियालाही तोच.

२०१४ साली बार्बोरा आईला घेऊन यानाच्या घरी गेली. ओळख नव्हती. मंडईत दंडारीला उभं राहायची हौस असलेलं पोरगं बापाला पुढं घालून जुन्या कलावंताच्या ओसरीवर जातं, बाप बोलतो आणि पोरगं खाली बघत उभं राहतं, तशाच या दोघी मायलेकी गेल्या. दार ठोठावलं. यानानं उघडलं.

त्यांनी सल्ला मागितला होता. यानानं पोरीचा खेळ पाहिला आणि सांगितलं की तुझ्यात गुण आहे, तू खेळाडूच हो. तेवढं सांगून दार लावून घेतलं असतं तरी उपकारच होते. पण याना तिला शिकवायला लागली. सोबत सरावाला जाऊ लागली, सामन्यांना जाऊ लागली. जगज्जेती बाई छोट्या छोट्या स्पर्धांच्या कोर्टाकडेला बसू लागली, जिथं बघायला माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बार्बोराचा खेळ पुढं ज्यांनी पाहिला त्यांना त्यात यानाचा हात दिसायचा. चेंडू कापून खाली ठेवणं, वेग बदलणं, संधी दिसली की जाळीवर येणं. नुसत्या ताकदीनं मारणाऱ्यांच्या काळात हा खेळ जुन्या वळणाचा वाटायचा.

तीन वर्षं अशी गेली. मग यानाला कर्करोग झाला. शेवटच्या काळात बार्बोरा तिच्याजवळ जाऊन बसायची. यानानं तिला दोन गोष्टी सांगितल्या. खेळायची मजा घे. आणि एक ग्रँड स्लॅम जिंकायचा प्रयत्न कर. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी याना गेली. वय फक्त एकोणपन्नास.

आता बार्बोराला कोर्टाकडेला बघायचं तर तिथं याना नव्हती. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, तिनं सिनियाकोवासोबत पॅरिस आणि विम्बल्डन, दोन्हीकडं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. याना विम्बल्डन जिंकली त्याला बरोबर वीस वर्षं झाली होती. लोकांनी कौतुक केलं आणि म्हणाले, ही दुहेरीतलीच.

२०२१ सालच्या पॅरिसच्या स्पर्धेत बार्बोराला मानांकनसुद्धा नव्हतं. तरी ती चौथ्या फेरीत पोचली. समोर अमेरिकन ओपन जिंकलेली स्लोन स्टीव्हन्स. सामन्याआधी बार्बोरा फिजिओच्या खोलीत गेली, आतून कडी लावली आणि रडायला लागली. आज आपल्याला एकही गेम मिळणार नाही, असं तिला वाटत होतं. मानसशास्त्रज्ञाशी बोलली. मग कडी काढली, बाहेर आली आणि सामना ६–२, ६–० असा जिंकली.

हे सगळं तिनं नंतर स्वतःच पत्रकारांना सांगितलं. लपवलं नाही. तिच्या गुरूनं साऱ्या जगासमोर रडून दाखवलं होतं, हिला बंद खोलीतल्या रडण्याची कसली लाज?

उपांत्य फेरीत ग्रीसच्या मारिया साकारीसमोर ती हरण्यापासून एका गुणावर आली. तो गुण तिनं वाचवला आणि शेवटचा सेट ९–७ असा घेतला. १२ जूनला अंतिम सामन्यात तिनं रशियाच्या अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोवाला हरवलं. करंडक हातात द्यायला कोण होतं? मार्टिना नवरातिलोवा. जिच्या सामन्यात चिमुकली हाना चेंडू गोळा करायची, तीच. आणि चेक देशाची बाई पॅरिसला एकेरीत याआधी कधी जिंकली होती? चाळीस वर्षांपूर्वी, १९८१ साली. तिचं नाव हाना मांडलिकोवा. गोष्ट रचणाऱ्यानं एवढं जुळवून आणलं असतं तर ऐकणाऱ्यानं त्याला मध्येच थांबवलं असतं. दुसऱ्या दिवशी बार्बोरानं दुहेरीचंही विजेतेपद मिळवलं.

यानानं सांगितलेली गोष्ट पुरी झाली होती. इथं थांबलं तरी चाललं असतं. पण विम्बल्डन राहिलंच होतं.

२०२४ साल उजाडलं ते दुखणी घेऊन. पाठ धरली, आजारपण आलं, महिनोन्महिने मोजकेच सामने जिंकता आले. विम्बल्डनला तिला एकतिसावं मानांकन होतं. तिच्यावर कोणी पैज लावली नसती. ती एकेक फेरी करत गेली. उपांत्य फेरीत विम्बल्डनची माजी विजेती एलेना रिबाकिना समोर होती. पहिला सेट गेला, पुढचे दोन बार्बोरानं घेतले. १३ जुलैला अंतिम सामना इटलीच्या जास्मिन पाओलिनीशी होता. पहिला सेट हिचा, दुसरा तिचा. तिसऱ्यात बार्बोरा ५–४ ने पुढं गेली आणि सर्व्हिस तिच्याकडं आली.

कोर्ट तेच होतं. तिसरा सेट, आपण पुढं, सर्व्हिस आपल्या हातात, आणि बघायला सारं जग. याच हिरवळीवर एकतीस वर्षांपूर्वी यानाचा हात थरथरला होता. बार्बोराचाही थरथरला. विजयापासून एका गुणावर आली आणि तो गुण गेला. पाओलिनीला गेम उलटवायची संधी मिळाली. बार्बोरानं ती परतवली. पुन्हा संधी मिळाली, तीही परतवली. पुन्हा विजयाच्या गुणावर आली. शेवटी पाओलिनीचा चेंडू बाहेर पडला.

आपण मुलांना शिकायला पाठवतो तेव्हा गुरुजींची पदकं मोजतो. भिंतीवर किती लागली आहेत ते बघतो. ते चुकीचं नाही. पण हानानं यानाला जे दिलं आणि यानानं बार्बोराला जे दिलं, ते पदकांच्या बाजूनं आलेलं नव्हतं. सर्व्हिस कोणीही शिकवतं. सर्व्हिस चुकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मैदानावर कसं जायचं, हे ज्याचं चुकलं आहे तोच शिकवू शकतो. नागऱ्याच्या मैदानावर शेवटच्या चढाईत पकडला गेलेला आणि त्यामुळं संघ हरल्याचं अजून मनात ठेवून असलेला एखादा जुना कबड्डीवाला असेलच. पोरांनी त्याच्याकडंही जावं. आणि त्यानं, ती जुनी चढाई लाजेपोटी झाकून न ठेवता, पोरांना नीट सांगावी.

विम्बल्डनला विजेत्यांची नावं एका फळीवर लिहिलेली असतात. सामना संपल्यावर बार्बोराला तिथं नेलं. १९९८ च्या पुढं यानाचं नाव होतं, आणि आता त्याच फळीवर हिचं नाव लागलं होतं. बार्बोरा रडली. हानाचं नाव त्या फळीवर नाही, कारण ती इथं दोन्ही वेळा हरली होती.